जोडेवाली सुईण

आमच्या गावात सुईणबाई आधी ऐकू यायची, मग दिसायची. पायांत जाड चामड्याचे जोडे, तळाला खिळे ठोकलेले. तिरोड्याकडच्या आमच्या त्या गावात अशी रीत होती की गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांनी मालगुजाराच्या घरासमोरून जाताना पायतण हातात घ्यायचं. मालगुजार म्हणजे गावचे जमीनदार, माझे वडील. त्या वस्तीतली ही एकटी बाई आमच्या दारावरून जोडे घालून, मान वर करून जायची.

तिचा नवरा सालेकशाकडे रेल्वेच्या गँगमध्ये होता. एकदा गोंदियात सभा होती, तिला तो घेऊन गेला. सभेत कोण काय बोललं हे तिने कुणाला सांगितलं नाही. येताना बाजारातून जोडे तेवढे आणले. बाया विचारत, "काऊन व, राणी झाली का?" ती म्हणायची, "काटा का जात पाहून रुतते?"

धानाच्या बांधीत मात्र ती जोडे काढून काखेत धरायची. "चिखलासाठी काढावं, माणसासाठी नाही," हे तिचं ठरलेलं बोलणं. पावसाळा सरला की मोहाच्या बियांचं तेल लावून ते घासत बसायची, एखाद्या तान्ह्या पोराला माखावं तसं.

एकदा आमच्या कोतवालाने ते हिसकून बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाण्यात फेकले. मी तेव्हा नऊ वर्षांची, काठावरच उभी होते. ती लुगडं सावरून छातीभर पाण्यात शिरली, पायाने चाचपून एक जोडा काढला, मग दुसरा. ओलेच घातले आणि आमच्याच दारावरून घरी गेली. त्या दिवसापासून वडिलांच्या धाकाने तिला कुणी बाळंतपणाला बोलावेना. वर्षभर ती मोळ्या विकून, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून जगली.

मग माझ्या वहिनीचे दिवस भरले. दोन दिवस कळा चालल्या. मूल पायाळू होतं. दुसऱ्या सुईणीने हात टेकले, तेव्हा वडिलांनी कोतवालालाच तिच्याकडे धाडलं. भर दुपारी ती आली आणि फाटकाशी थांबली. वडील ओसरीवर उभे होते.

"जोडे काढ आन् मागच्या दारानं ये," कोतवाल म्हणाला.

ती त्याच्याकडे न बघता वडिलांना म्हणाली, "मालक, बाईले वाचवाले बोलावलं का जोडे काढाले?"

आतून वहिनीचं कण्हणं ऐकू येत होतं. तेवढ्यात माझी आई बाहेर आली. पुरुषांसमोर कधी ओसरीवर न आलेली माझी आई पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेली, तिचा हात धरला आणि म्हणाली, "चल बाई, लवकर चल."

जोड्यांसकट ती आमचं अंगण ओलांडून गेली. बाळंतिणीच्या खोलीपाशी पोचल्यावर तिने स्वतःहून जोडे उतरवले. "येथं काढले पाहिजे," ती आईला म्हणाली. "येथं जीव येऊन राहिला."

दिवस कलायच्या आत मुलगी झाली. दोघी वाचल्या. वडिलांनी लुगडं आणि धान देऊ केलं. तिने घेतलं नाही. म्हणाली, "उद्या माह्या वस्तीतल्या बाया येथून पायतण घालून जातीन. कोणी टोकू नये, एवढंच द्या."

वडील हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चार बाया गेल्या. वडील ओसरीवरच होते. त्यांनी तोंड फिरवलं, पण ते काही बोलले नाहीत. त्यानंतर ती रीत उरली नाही.

पुढे माझं लग्न होऊन मी फुलचूरला आले. निघण्याआधी तिला भेटायला गेले होते. तीच शेवटची भेट. दोन पावसाळ्यांनी ती तापाने गेली. त्या भेटीत मी विचारलं, "त्या दिवशी आमच्या फाटकाशी तुला भीती नाही वाटली?"

"लागली नं व माय. पाय थरथर कापून राहिले होते. लुगड्यानं झाकले म्हणून दिसले नाही."

"आणि आई बाहेर आली नसती तर?"

"तं काढले असते," ती म्हणाली. "आतली बाई मरून राहिली होती. पण तुह्या आईनं काढू देले नाही."