इस्तारीचा तिसरा भोवरा

इस्तारीनं नागभीडजवळच्या तलावात चाळीस वर्षं जाळं टाकलं. पण पाणी सोडून मोबाइलकडे टक लावायची पाळी त्याच्यावर लेकीनं आणली. मंजुषा पुण्याला वादळांवर संशोधन करते. म्हणजे वादळ बघायला कुठं जात नाही. कॉम्प्युटरमध्येच दोन भोवरे सोडते आणि जवळ आल्यावर ते एकमेकांचं काय करतात ते पाहत बसते. ती शेवटची घरी आली त्याला दीड वर्ष झालं.

तिनं बापाला एक व्हिडिओ पाठवला होता. एक लाल भोवरा, एक निळा, दोघं एकमेकांभोवती फेर धरून.

"हे एक झाले का माझं काम झालं, बाबा. मंग सरळ घरी."

झालं! इस्तारी रोज सकाळी, जाळं खांद्यावर घ्यायच्या आधी, तो व्हिडिओ लावू लागला. भोवरे फिरायचे, मिळायचे काही नाहीत. "आजबी नाई," म्हणून फोन खिशात.

वीस दिवसांनी शेजारच्या प्रफुलनं हे पाहिलं. "इस्तारीभाऊ, जुना व्हिडिओ हाये हा. हजारदा लावला तरी तेवढंच दाखवन."

चुलीजवळून त्याची बायको वच्छला म्हणाली, "अजी, वाळला मासा पोहते का कधी?"

त्या दिवसापासून इस्तारीनं व्हिडिओ बघणं सोडलं नाही, फक्त चोरून बघू लागला.

मग एका रविवारी नवा व्हिडिओ आला. लाल-निळा मिळून एकच जांभळा भोवरा! वच्छलेनं पेटीतून लेकीची वाकळ काढून उन्हात टाकली. इस्तारीनं फोन लावला.

"मंग, कवाची गाडी?"

"बाबा, सर म्हणतेत, आता तिसरा टाकून पाय."

"तिसरा कशाले? दोघायचं जमलं ना?"

"खऱ्या आभाळात दोनच थोडी राह्यतेत."

इस्तारी वाद घालत बसला नाही. संध्याकाळी वच्छलेनं वाकळ घडी करून पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं डोंगा तलावाच्या मध्यात नेला. मासे जमवायला तो भाताचा कोंडा टाकतो. कोंड्यानं पाण्याचं फिरणंही दिसतं. मूठभर उधळला. वल्हं एकदा जोरात ओढलं, वल्ह्याच्या दोन्ही बाजूंना दोन भोवरे उठले. तिसरा त्यानं पंजानं घुसळून काढला आणि दुसऱ्या हातानं फोनवर व्हिडिओ काढत बोलला, "मंजू, इथी तिन्ही हायेत. पण जास्त वेळ टिकत नाईत, माय. लवकर येऊन पाय."

पाठवलं. कोंडा पांगला, खालून मासे वर आले, डोंग्याभोवती तोंडं बाहेर काढू लागले.

जाळं घरीच राहिलं होतं.