पाहुण्यांपुरती तूर

आमच्या आंधळगावच्या घरात महागाई आली ती बायकांच्या ताटात. पुरुषांच्या ताटापर्यंत पोचायला तिला फार वेळ लागला, आणि पोचली तेव्हाही त्यांनी तिला ओळख दाखवली नाही. माझे सासरे रोज सकाळी चौकातल्या पानठेल्यावर उभे राहून साखरेचा, तेलाचा, डाळीचा भाव सरकारला ऐकवायचे. सरकार काही पानठेल्यावर येत नसे. मग घरी येऊन तोच भाव मला ऐकवायचे, जसा काही तो काल मीच वाढवून ठेवला. आणि ऐकवून झालं की म्हणायचे, "बाई, चहात साखर कमी वाटून राहिली."

ही सत्तर आणि ऐंशीच्या मधली वर्षं. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात सासरे, माझा नवरा, माझी नणंद आणि मी. ओसरीला लागून दोन माग. बाप-लेक लुगडी विणायचे, आणि बापाचा हात दुखला की, म्हणजे बहुतेक दिवशी, त्यांच्या मागावर नणंद बसायची. बाजारहाट, चूल, डबे हे सगळं माझ्या गळ्यात. पैसे त्यांच्या हातात आणि संसार माझ्या हातात, असा मोठा न्यायाचा कारभार होता.

शेंगदाण्याचं तेल परवडेनासं झालं तेव्हा मी जवसाचं आणलं. सासऱ्यांनी दोन दिवस नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी पानठेल्यावर सांगू लागले की जवसानं डोळे चांगले राहतात, म्हणून आम्ही मुद्दाम बदललं. साखर गेली, गूळ आला, तर गुळानं म्हणे रक्त वाढतं. आख्खा तांदूळ त्यांना आणि कणी आम्हा दोघींना, असं मी वाढायला लागले, त्यानं काय वाढतं ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. वा रे शहाणे! गरिबी लपवायला माणूस वैद्य होतो, हे मी त्या घरात पाहिलं.

फक्त डाळीवर ते अडून बसले. "आपल्या घरी तुरीचंच वरण," असं ते छाती काढून म्हणायचे. तूर तर सोन्यासारखी जपून आणायची वस्तू झालेली. मग जे आमच्या भागातल्या घरोघरच्या बाया करत होत्या तेच मी केलं. आमच्याकडे धान कापायच्या आधीच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोरीचं बी फेकून देतात. धान निघालं की त्याच ओलीवर ती येते, ना नांगर ना पाणी. तिची डाळ दिसायला तुरीसारखीच पिवळी, फक्त दाणा जरा चपटा, कोनदार. डॉक्टर लोक सांगायचे, लाखोरी खाऊन पाय लुळे पडतात. ती विकायला बंदीही होती. पण माहेरहून आली, शेजारणीनं दिली, तर कोण विचारतं? मी ती भिजवायची, पाणी फेकून द्यायची, अर्धी तूर अर्धी लाखोरी शिजवायची आणि वरून हळद जरा मोकळ्या हातानं घालायची. सासरे भुरका मारून म्हणायचे, "याले म्हणतात तूर!"

त्यांना ठाऊक नव्हतं म्हणता? काहीतरीच! चिमूटभर तूर महिनाभर पुरते कशी, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

अशात नणंदेला तुमसरचं स्थळ आलं. पोराला बाप नव्हता. काकानं वाढवलेला, काकाच्याच धान्याच्या दुकानात बसायचा. आधीची स्थळं कुठं रंगावरून, कुठं देण्याघेण्यावरून फिरली होती, आणि गावातल्या बाया तिचं वय आता तोंडावर काढायला लागल्या होत्या. पण गोष्ट तेवढीच नव्हती. तिनं तो पोरगा एका लग्नात पाहिला होता. कधी नाही ते मला विचारत बसली, "वहिनी, हिरवं नेसू का जांभळं?" दगडासारखी गंभीर पोरगी ती, मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता गुणगुणायला लागली. मला मनापासून वाटत होतं, हे जमावं. देवाला नारळ बोलून बसले होते मी.

सासऱ्यांच्या डोक्यात निराळंच शिजत होतं. म्हणाले, "तूर त्याहिच्याच दुकानातून आणू. त्याहिले समजलं पाहिजे, आपण काय खातो ते." घ्या! पाहुण्यांना त्यांचीच डाळ विकत घेऊन खाऊ घालायची, म्हणजे आपली इज्जत. नवरा तुमसरला जाऊन दोन थैल्या घेऊन आला. तोंडं शिवलेल्या, दुकानाचा ठसा मारलेल्या. त्या थैल्यांपायी आमच्या चुलीवर महिनाभर फोडणीचा वास आला नाही. एक थैली रांधायची, आणि दुसरी ओसरीत खांबाजवळ, ठसा समोर करून ठेवायची, असा हुकूम झाला. येणाराजाणारा पाहायचा, आणि सासरे उगीच म्हणायचे, "तूर हाय, आणून ठेवली."

पाहुणे यायचे त्या दुपारी मी डाळ निवडायला बसले आणि पाहते तो काय! सुपात कोनदार दाणे! थोडेथोडके नाही, चांगले मुठीनं. मला वाटलं, माझ्याच हातानं घात केला. इतकी वर्षं मिसळायची सवय, तर थैली डब्यात ओतताना लाखोरीही ओतली असणार. स्वतःला हजार शिव्या घातल्या. नणंदेला हाक मारली, दोघी दाणा दाणा वेचत बसलो, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी संपेना. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही नसन मिसळवली." मी म्हटलं, "मग कोण, तुझा बाप?" शेवटी उरली तशी शिजायला टाकली. दुसरी थैली फोडायची तर सासऱ्यांचा ठसा ओसरीतून हलणार होता. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

पाहुणे आले. काका अंगानं भरलेला, बोटांत अंगठ्या. पोरगा त्याच्या मागं मागं. काकानं आल्या आल्या सांगून टाकलं, "आधी जेवण, मग पोरगी." ओसरीत पाट मांडले. वाढायला नणंदच, कारण वाढताना पोरगी आपोआप पाहून होते, अशी आमच्याकडची रीत. जांभळं नेसली होती ती. फार छान दिसत होती.

काकानं वरणभाताचा पहिला घास घेतला आणि हात थांबवला. बोटांत वरण चोळून पाहिलं.

"हे तूर नोहे जी. लाखोरी मिसळली हाय याच्यात. आमचा जनम गेला धान्यात."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी एका क्षणात आपली वाट काढली. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सूनबाईनं केलं असन काही. तिले समजत नाही." माझा नवरा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. तो तांब्याकडेच पाहत राहिला.

काकाला आता जोर चढला. "लाखोरी खानारे लोकं पुढं लंगडे होतेत. आम्हाले पोराचा संसार मांडाचा हाय. पोरीले जरा चालवून दाखवा, इथून तिथपर्यंत." आणि लुगड्याचा काठ वर घे, अशी हातानं खूण केली. बैलबाजारात तरी माणूस बैलाच्या मालकाला आधी रामराम करतो.

मी पोराकडे पाहिलं. वाटलं, हा आता काहीतरी म्हणेल. एवढं तरी म्हणेल, की काका, राहू द्या. तो भात कालवत होता.

नणंदेनं वरणाचा गंज खाली ठेवला. काठ वर घेतला नाही. ताठ चालत ओसरीच्या त्या टोकाला, खांबापर्यंत गेली. तिथली शिवलेली थैली उचलून कडेवर घेतली आणि तशीच चालत परत आली. काकाच्या पाटासमोर बसली, थैलीच्या तोंडचा दोरा दातानं तोडला, मागावर तोडतात तसा, आणि डाळ शेजारच्या रिकाम्या परातीत ओतली. ठशाची बाजू त्याच्याकडे केली. मग दोन चिमटी डाळ हातावर घेऊन तुरीचे दाणे एकीकडे, लाखोरीचे एकीकडे, असे त्याच्या ताटाच्या कडेला मांडले. उठली आणि आत गेली. तोंडातून शब्द नाही.

माझ्या मनावरचं ओझं धाडकन उतरलं. मी नव्हती मिसळली! आम्ही लाखोरी खायचो पोटासाठी. हा ती तूर म्हणून आमच्याच गळ्यात मारत होता, आणि वर आमच्या पोरीचे पाय तपासत होता. इतका संताप माझ्या उभ्या जन्मात मला आला नव्हता.

काका म्हणाला, "मुनीमाची चूक असन."

आणि माझे सासरे, पानठेल्यावर सरकारला धारेवर धरणारे माझे सासरे, हात जोडून म्हणाले, "होते जी, मोठ्या दुकानात होते असं. भात घ्या अजून." काकानं भात घेतला. वरणही घेतलं. त्या दिवशी त्याचे पाय लुळे पडतील अशी त्याला काही भीती दिसली नाही. पोरगाही मान खाली घालून पोटभर जेवला.

आत नणंद चुलीसमोर बसली होती. डोळे कोरडे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "वहिनी, बाहेर वाढा, पाहुणे बसले हायत."

पुढच्या आठवड्यात मध्यस्थ आला. तोंडभर हसून सांगू लागला, पोरगी पसंत आहे, घरही पसंत आहे. फक्त काकांचं एकच म्हणणं, लग्नानंतर पोरीनं मोठ्यांसमोर एवढं बोलू नये. सासरे अंगणातच उभे राहिले, "नाही बोलणार जी, मी जामीन," असं म्हणून मला चहा टाकायला सांगू लागले. साखरेचा, असंही म्हणाले.

ओसरीतला माग थांबला. नणंद मागावरूनच म्हणाली, "मी तं त्या दिवशी एक शब्द नाही बोलली. तो पोरगा काहून नाही बोलला, तेवढं विचारून या."