दोन महिन्यांचं पीठ

मला साखर निघाली हे पहिले पंधरा दिवस फक्त बायकोला माहीत होतं. ऑफिसात मी ॲसिडिटी आहे म्हणून सांगत होतो. मधुमेह हा काही चोरी करून होणारा आजार नाही, पण मला तो तसाच वाटत होता. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला माणूस. घरच्यांनी उन्हात राबून मला सावलीत बसवलं, आणि सावलीत बसून मी काय केलं, तर खाल्लं. रिपोर्टवरचा आकडा बघताना मला हेच वाटत होतं.

लखनौला येऊन आता सहा वर्षं झाली. ऑफिस हजरतगंजला, फ्लॅट गोमती नगरात. इथे कुणाचं प्रमोशन झालं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची बदली रद्द झाली, की मिठाईचा डबा फिरतो. "सर, एक तो लीजिए," असं म्हणत माणूस टेबलापाशी उभा राहतो, आणि घेतल्याशिवाय हलत नाही. खरं तर मला आग्रह करावाच लागत नव्हता. दहावीला शाळेत पहिला आलो तेव्हा ज्या सरांनी माझा पुढचा प्रवेशाचा अर्ज स्वतः भरला, त्यांनी एक पेढा मोडून अर्धा मला आणि अर्धा आईला दिला होता. त्या सरांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण त्या अर्ध्या पेढ्यानंतर पुढे कधीही अख्खा पेढा समोर आला की मला तो परत करता आलेला नाही.

आहार सांगणाऱ्या बाई निशातगंजच्या एका दवाखान्यात बसतात. बाई म्हणजे माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुलगीच. तिने विचारलं, मिठाई किती? मी म्हणालो, आठवड्यातून एकदा.

तिने पेन खाली ठेवलं. "सर, मुझसे झूठ बोलकर क्या मिलेगा? रिपोर्ट तो मेरे सामने रखी है."

मग मी खरं सांगितलं. तिने न रागावता लिहून घेतलं, त्याचीच जास्त लाज वाटली. मिठाई बंद, भात कमी, मैदा नाही, आणि एका वेळी गव्हाच्या पोळीऐवजी ज्वारीची भाकरी. "आप तो महाराष्ट्र से हैं ना? फिर तो घर में बनती ही होगी. नहीं तो मम्मी से पूछ लीजिए."

मी हो म्हणून मान हलवली. आमच्या घरात भाकरी होत नव्हती. आणि आईला विचारणं, ही एकच गोष्ट मला करता येण्यासारखी नव्हती.

त्याचं कारण सांगतो.

मी परभणीकडचा. आई बाजार समितीच्या आवारात शेंगा निवडायला जायची. शाळेत माझ्या फडक्यात दोन भाकऱ्या आणि लसणाची चटणी असायची. तहसील कचेरीतल्या साहेबांची मुलं डब्यात पोळी आणायची, मऊ, घडी घातलेली. आमच्याकडे पोळी सणाला. त्या डब्यांकडे बघून मी मनात जे काही ठरवलं होतं ते असं, की नोकरी लागली की रोज पोळी. नोकरी लागली आणि मी ते पाळलं. बायको नागपूरकडची, तिच्या माहेरी पोळ्याच व्हायच्या, त्यामुळे अडचणही आली नाही.

दोन वर्षांपूर्वी आई महिनाभर लखनौला राहायला आली होती. येताना जुन्या लुगड्याची पिशवी शिवून त्यात ज्वारीचं पीठ घेऊन आली. इथे ज्वारी मिळणार नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. एका रविवारी आमचे मोठे साहेब बायकोसह जेवायला आले. हॉलमध्ये आम्ही बसलो होतो आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, थप थप थप. साहेबांच्या बायकोने हसून विचारलं, "अंदर कुछ मरम्मत चल रही है क्या?"

मी उठून आत गेलो. "आई, आज राहू दे. पोळ्या केल्यात."

"एकच राहिली रं," आई म्हणाली.

"राहू दे म्हणलं ना."

तिने परातीतला गोळा तसाच झाकून ठेवला. हात धुतले. त्यानंतर ती गावी परत गेली त्या दिवसापर्यंत तिने आमच्या घरात भाकरी केली नाही. उरलेलं पीठ आम्हाला म्हणून ठेवून गेली, पिशवी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. ती गेल्यावर आठवड्याने मी ती पिशवी गेटवरच्या गार्डकडे दिली. म्हटलं, भैया, गाय को डाल देना.

फोनवर आई विचारायची, "भाकरी करायलाव का?"

"हो, रोज करतो."

"पीठ सरलं का?"

ती जाऊन दोन महिने झाले होते. संपलं म्हणायला मला कसंतरी वाटलं. मी म्हणालो, "अजून थोडं आहे. छान होतात भाकऱ्या."

"बरं," ती म्हणाली. मग तिने पिठाचं नाव कधी काढलं नाही.

आता ते सगळं माझ्यासमोर आलं. भाकरी कशी करायची असं विचारलं, तर तेव्हा कशी करत होतास, हे ती विचारणारच. म्हणून आधी मॉलमधून ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणलं. बायकोने प्रयत्न केला, मी केला. गोळा थापला की कडा चिरायच्या, उचलला की तुकडे. मुलगी म्हणाली, "पापा, आजी को वीडियो कॉल कर लो ना. इतना क्या सोच रहे हो?" आणि मी नको म्हणायच्या आत तिने फोन लावला.

आईचा चेहरा दिसला, कपाळापासून वरचाच, कारण तिला फोन धरता येत नाही. परात, चुरा झालेलं पीठ, माझे पांढरे हात, हे मुलीने तिला सगळं दाखवलं.

"काय करायलास?"

"भाकरी. जमत नाहीये."

"आता गं बाई. का म्हणून?"

"डॉक्टरनी सांगितलंय. मला साखर निघाली, आई."

तिने फोन मांडीवर ठेवला. फोनमध्ये नुसतं छत दिसत होतं. मग म्हणाली, "पीठ कवाचं आहे?"

मी पाकीट उलटं करून बघितलं. "दोन-तीन महिन्यांचं असेल."

"मग कशी होईल? पीठ जुनं झालं की त्यात चिकटपणा ऱ्हात न्हाई. पंधरा-वीस दिवस, लई तर महिना. दोन महिन्यांच्या पिठाची भाकरी कुणालाच येत न्हाई रं, मलाबी न्हाई."

मी परातीकडे बघत राहिलो. तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, टोमणा म्हणून नाही. पण त्या वेळी मी फोनवर जे बोललो होतो ते खोटं आहे हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, आणि दोन वर्षं कळलेलंच होतं.

"आई, ते पीठ..."

"कढत पाणी घाल. उकळलेलं. जरा मळून बघ, तात्पुरतं जमंल."

"आई, ते पीठ मी गाईला घातलं होतं."

"गाईनं खाल्लं ना? मग वाया गेलं न्हाई." आणि लगेच, "जेवण टायमावर करायलास का? गोळी घेतलीस का?"

मला वाटलं होतं, ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. उकळत्या पाण्याने त्या दिवशी कशीबशी एक भाकरी झाली, जाड, एका बाजूला फाटलेली. ती मी खाल्ली. आई फोन चालू ठेवून बसली होती, माझं खाऊन होईपर्यंत.

तिने पीठ पाठवलं नाही. दहा दिवसांनी कुरिअरने ज्वारीची पिशवी आली, तशीच लुगड्याची. फोनवर म्हणाली, "दाणे टिकतेत. आठ दिवसांचंच दळून घेत जा."

निशातगंजच्या बाजारात पिठाची चक्की आहे. पिशवी स्कूटरवर पुढे ठेवून गेलो. चक्कीवाल्याने मूठभर दाणे हातात घेऊन बघितले.

"ज्वार है? मोटा पीस दूँ? गाय के लिए ना?"

"नहीं," मी म्हणालो. "हम खाते हैं."

चक्की चालू होती, त्याला ऐकू गेलं नाही. मागे दोन-तीन जण डबे घेऊन उभे होते, त्यात आमच्या सोसायटीतले एक गृहस्थही होते. चक्कीवाल्याने कानामागे हात नेला. "क्या बोले?"

मला पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.