मेन बंद करून निघालेली गाडी

"मॅडम, पहाटे पुन्हा बंद पडलं," गायकवाड सर फोनवर म्हणाले. "घाबरी होऊन उठून बसली ती. मी गाडी घेऊन निघालोच आहे."

मी नुसतं "या सर" म्हटलं आणि दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. सरांना यायला वेळ होता, तरी खुर्चीत बसवेना.

आमचं दुकान परभणीत, जिंतूर रोडला. सोलर पॅनल, इन्व्हर्टर, बॅटऱ्या. मालक रफिकभाई, आणि मी त्यांची इंजिनिअर. घरं, दवाखाने, शेतातले पंप ही आमची नेहमीची कामं. गायकवाड सरांची गाडी मात्र पहिलीच. सर रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी एक जुनी मिनीबस घेऊन आतल्या सीटा काढल्या आणि पलंग, ओटा, छोटा फ्रिज, पंखे बसवून घेतले. इंग्रजीत कॅरॅव्हॅन म्हणतात तसलं. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, तिला घरगाडी म्हणायच्या. सांची, सारनाथ करत वैशाख पौर्णिमेला बुद्धगयेला पोचायचं, असं दोघांचं लग्न झाल्यापासून ठरलेलं. आधी शाळा, मग मुलीचं शिक्षण, मग काकूंचे गुडघे, असं करत ते राहत गेलं. लॉजचे जिने आता काकूंना चढवत नाहीत, म्हणून गाडी.

अडचण एकच होती. काकूंचा झोपेत श्वास अडकतो. त्यांना रात्री नाकावर मास्क लावून झोपावं लागतं. उशाशी एक मशीन असतं, ते दाबाने हवा देत राहतं. ते रात्रभर चालायला पाहिजे, आणि गाडीत ते बॅटरीवर चालणार होतं. त्यांची मुलगी नांदेडला नर्स आहे. तिने स्पष्ट सांगितलं होतं, "गाडीत मशीन एकदा जरी बंद पडलं तर आई कुठंही जाणार नाही."

आता ते बंद पडलं होतं, आणि दुसऱ्यांदा.

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करायची. ती क्षणभर जोर लावते आणि सुटते. दुसरी आतल्या घराची. ती थोडी थोडी वीज रात्रभर देते. कॅटलॉगमध्ये तिला लीझर बॅटरी म्हणतात. सरांनी पहिल्याच दिवशी तिचं "फुरसतीची बॅटरी" असं भाषांतर केलं आणि काकू म्हणाल्या, "बाई गं, घरात एकाला तरी फुरसत हाय." ही बॅटरी दिवसा टपावरच्या पॅनलवर भरते. मध्ये कंट्रोलर नावाचा एक डबा असतो. पॅनलची वीज बॅटरीला सोसेल एवढीच देणं, हे त्याचं काम.

गाडी आली. काकू खिडकीत बसल्या होत्या. मास्कचा वळ अजून गालावर होता. त्यांनी मला नुसता हात केला.

मी आत चढले. दाराजवळचा लाल मेन स्विच चालू केला, मीटर लावला. बॅटरी रिकामी. पण ऊन पडलेलं होतं आणि पॅनलकडून करंट व्यवस्थित येत होता. वायरी घट्ट. फ्यूज चांगला. कंट्रोलरचा दिवा हिरवा. माझ्यासमोर सगळं चालत होतं.

पहिल्या वेळीही अगदी असंच झालं होतं. तेव्हा आम्ही बॅटरी दुकानातल्या चार्जरवर पूर्ण भरली, तिच्यावर बल्ब लावून ठेवले, आणि ती टिकली. म्हणजे बॅटरी चांगली. गाडी परत दिली. काकू घरासमोर गाडीतच झोपून बघत होत्या; दोन रात्री मशीन चाललं. आणि आज, तिसऱ्या पहाटे, बंद.

पहिल्या वेळी मला वाटलं होतं, सावली. परभणीच्या एप्रिलमध्ये कुणीही शहाणा माणूस गाडी उन्हात लावत नाही. सरांची गाडी घरासमोरच्या लिंबाखाली असायची. पॅनलवर सावली म्हणजे वीज नाही. मी तसं सांगितल्यावर सरांनी गाडी भर उन्हात लावायला सुरुवात केली. आत भट्टी झाली. काकूंनी आत ठेवलेला गूळ वितळला. पण सरांनी गाडी हलवली नाही, कारण मॅडमनी सांगितलं होतं.

आणि तरीही बंद पडलं.

"बॅटरीच बदलून टाकू," रफिकभाई म्हणाले. "कंपनीला परत पाठवू. पीस खराब निघतात कधी कधी."

"बॅटरी चांगली आहे, भाई."

"मग बेटा, जाते कुठं वीज? भूत पितंय का?"

सर समोर उभे होते. मला ग्राहकासमोर बोलायला जड जातं. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. तांत्रिक गोष्ट मराठीत सांगताना शब्द मध्येच अडतो, मग मी गप्प बसते, आणि लोकांना वाटतं मॅडमला शिष्टपणा आहे. पण त्या दिवशी गप्प बसून चालणार नव्हतं. नवी बॅटरी दुकानातून भरूनच जाणार होती. तीही दोन रात्री चालली असती. तिसरी रात्र कुठे आली असती? भोपाळच्या आसपास कुठेतरी, अनोळखी ठिकाणी. काकू मास्क लावून झोपलेल्या असत्या.

"बॅटरी बदलू नका," मी म्हणाले. पुढचं वाक्य मला जुळवावं लागलं. "गाडी माझ्यासमोर चालते. माझ्यामागे चालत नाही. मला तिच्याबरोबर दिवसभर राहू द्या."

रफिकभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी एका दमात एवढं बोलल्याचं त्यांनी पूर्वी ऐकलं नसावं.

काकू खिडकीतूनच म्हणाल्या, "मग चल की आमच्यासंग उद्या. वालूरला जायलोत, माझ्या बहिणीकडं. तिला गाडी दावायचीय."

सकाळी मी सरांच्या घरी पोचले तेव्हा गाडी उन्हातच होती. काकू ओट्यावर चहा करत होत्या. समोर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली स्टीलचे डबे एकात एक बसवलेले. मी बॅटरीला मीटर लावला, तो मांडीवर घेऊन मागच्या पलंगावर बसले. मीटर तेरा पॉइंट आठ दाखवत होता. बॅटरीला चार्जिंग मिळत असलं की आकडा असा तेराच्या वर राहतो. मी तिथून हलायचंच नाही असं ठरवलं.

चहा झाला. सर मागे आले. त्यांनी गॅसची कळ बंद केली. खिडक्या ओढून बघितल्या. फ्रिजच्या दाराला पट्टी लावली. दाराजवळ काहीतरी खट् झालं. मग ते पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसले आणि गाडी निघाली.

मांडीवरचा आकडा खाली आला होता. बारा पॉइंट सहा.

मी खिडकीतून वर बघितलं. ढग नव्हता. वायर ओढून बघितली. मीटरची टोकं दाबली. उठले, बसले, पुन्हा उठले. पॅनलवर ऊन आणि बॅटरीला काहीच नाही. कंट्रोलरकडे जायला दाराशी गेले आणि समोर तो लाल स्विच दिसला. बंद होता.

मी तो चालू केला. तेरा पॉइंट आठ.

वालूरपर्यंत मी काही बोलले नाही. एकदा दिसलं म्हणजे कळलंच असं नाही. चुकून हात लागला असेल. मी नखं कुरतडत होते, ते काकूंनी बघितलं आणि मला शेंगदाण्याची चिक्की दिली.

वालूरला बहिणीच्या अंगणात गाडी थांबली. सर मागे आले. गॅसची कळ. खिडक्या. फ्रिजची पट्टी. खट्. मग दाराला कुलूप.

आता शंका उरली नव्हती. तो स्विच मुळात सरांनीच मागितला होता. "मेन दाराजवळ पाहिजे, जाता-येता हात पोचेल असा." रफिकभाईंनी तो दिला. पण वायरिंग आमच्या सवयीप्रमाणे केलं होतं, घरासारखं. बॅटरीतून निघालेली जाड वायर आधी मेनला, आणि मेनच्या पुढे सगळं: पंखे, फ्रिज, मशीनचा सॉकेट, आणि कंट्रोलरसुद्धा. घरी हे चालून जातं, कारण घरातला बॅटरीचा मेन कुणी रोज बंद करत नाही. इथे मेन बंद झाला की नुसते पंखे बंद होत नव्हते. पॅनल आणि बॅटरी एकमेकांपासून तुटत होते. दिवसभर ऊन टपावर पडून वाया जात होतं. आणि मी तपासायला आले की पहिलं काम मेन चालू करणं. मग सगळं छान. आमच्या कंट्रोलरला कालचं काही आठवत नाही, त्यामुळे त्यानेही चुगली केली नव्हती.

सर आत पाव्हण्यांशी बोलत होते. मी काकूंना हळूच विचारलं, "काकू, सर गाडी सोडताना नेहमी मेन बंद करतात का?"

काकू इतक्या जोरात हसल्या की त्यांची बहीण बाहेर आली.

"अगं, हे? शाळेत शिपायाच्या आधी ह्यांचा हात मेनवर. लग्नाच्या आधी शॉर्टसर्किटनं एक वर्ग जळाला व्हता, तवापासून. आमच्या लग्नात पाठवणीच्या टायमाला नवरदेव गायब! सगळे हुडकायलेत. सापडले कुठं? मांडवाच्या मागं, मेन बंद करायलेले."

"पाव्हणे अंधारात जेवायले," बहीण म्हणाली. "भाताऐवजी माझ्या पदरावर वरण."

मीही हसले. मग माझं हसू थांबलं, कारण आता हे सरांना सांगायचं होतं. ज्या माणसाने मी सांगितलं म्हणून गाडी भट्टीत उभी केली, त्याला मी कसं सांगू की रोज सकाळी तुम्हीच काकूंच्या रात्रीची वीज तोडत होता?

मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. तेवढ्यात सरच बाहेर आले. "सापडलं का मॅडम काही?"

"सर, जरा कुलूप काढता का?"

आत गेल्यावर मी मीटर त्यांच्या हातात दिला. "हा धरा." मेन चालू केला. तेरा पॉइंट आठ. मेन बंद केला. बारा पॉइंट सहा. पुन्हा चालू. पुन्हा बंद. शब्द अडणार होते, म्हणून मी ते वापरलेच नाहीत.

सर आकड्याकडे बघत राहिले. हेडमास्तर माणूस. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. काकू दारात आल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "तिच्या जिवाला धोका नको म्हणूनच बंद करत होतो मी."

काकूंचं हसणं कुठल्या कुठे गेलं. "जाऊ द्या हो. तुमास्नी काय ठावं."

"सर, तुमचं चुकलं नाही," मी म्हणाले. "गाडी सोडताना मेन बंदच करावा. वायर चुकीच्या बाजूला आहे. ती चूक आमची आहे."

"उद्यापासून हात लावणार नाही मेनला. पाटी लावतो तिथं."

"नको. बंद करत जा."

त्यांना ते पटलं नाही. पण मला ठाऊक होतं की प्रवासात, थकलेल्या माणसाचा हात पाटी वाचत नाही. तो आपोआप जातो. एखाद्या ढाब्यावर, एखाद्या पेट्रोल पंपावर जाणारच.

मी रफिकभाईंना फोन लावला. फोन करणं मला आवडत नाही, पण मेसेजमध्ये हे मावलं नसतं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "या अल्ला. आपण गाडीला घर समजलो."

दुपारी परत येऊन काम केलं. काम एवढंसंच होतं. कंट्रोलरच्या दोन वायरी मेनच्या पुढून काढल्या आणि फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडल्या. बाकी सगळं मेनच्या पुढे तसंच. आता मेन बंद केला की आतलं घर बंद, पण टपावरचं ऊन बॅटरीत उतरतच राहणार.

सरांनी स्वतः मेन बंद केला आणि मीटर बघितला. तेराच्या वर. त्यांनी मेन चालू केला, बंद केला, पुन्हा बघितला. प्रॅक्टिकलला बसलेल्या मुलासारखे. "खट् होतंय, पण तुटत नाही," ते म्हणाले.

मुलगी नांदेडहून आली. दोन रात्रींवर तिचा विश्वास नव्हता, आणि ते बरोबरच होतं. तिने आईला घरासमोर गाडीतच झोपवलं. रोज सकाळी सर मेन बंद करून फिरायला जायचे, मुद्दाम. तिसरी रात्र गेली. मशीन चाललं. चौथीही गेली. पाचव्या सकाळी मुलीने मला फोन केला. "जाऊ देतेय," एवढंच म्हणाली आणि ठेवला. तीही माझ्यासारखीच असावी.

ते निघाले तेव्हा मी दुकानाच्या दारात होते. सरांनी हॉर्न दिला. काकूंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "रफिकभाई, जय भीम! पोरीला सुट्टी द्या की एक दिवस!"

सुट्टी मिळाली असती तरी उपयोग नव्हता. पुढचे दोन दिवस मी फोन उलटा ठेवायचे आणि सुलटा करायचे. आपण फ्यूज नीट दाबला का? गाडी खड्ड्यांतून जाणार, वायर सैल होईल का? तिसऱ्या रात्री मी घरी नीट जेवले नाही. आईने विचारलं, मी काही नाही म्हटलं.

सकाळी काकूंचा आवाज आला, मेसेजवर. मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता.

"झोपले गं रातभर. पोचलोत सांचीला. आता हे बी झोपायलेत. इतके दिस मशीनकडंच बघत बसायचे."

मी तो दोनदा ऐकला आणि शटर वर केलं.

त्यानंतर आमच्याकडे आणखी गाड्या आल्या. ताब्यात देताना मी बॅटरी, पॅनल, वायरी तपासते, ते सगळेच तपासतात. मग गाडीच्या मालकाला म्हणते, आता कुलूप लावून घरी जा. आणि तो जाताना काय काय बंद करतो, ते बघत उभी राहते.