दादाची फाटकावरची परीक्षा

माणूस मेला हे कुत्र्याला कसं सांगायचं?

हा प्रश्न मी जनावरांच्या डॉक्टरला विचारला. तो म्हणाला, "खाते ना? मग ठीक हाय." चहाच्या टपरीवर विचारला, तर सगळे आपापल्या कपात पाहायला लागले. तेरवीला आलेल्या महाराजांना विचारला, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवायला बसले. वहिनीला विचारायची हिंमत झाली नाही.

दादाला जाऊन पाच महिने झाले. पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. एका सकाळी शटर वर करता करता तो खाली बसला आणि उठलाच नाही. छत्तीस वर्षांचा होता.

लोक अजून भेटायला येतात, पण दादाबद्दल बोलत नाहीत. कुत्र्यांबद्दल बोलतात. आमच्याकडे आजूबाजूच्या गावांत कोणाला राखणीला कुत्रा आणायचा असला, तर तो आधी दादाला विचारायचा. पिल्लंही बहुतेक वेळा दादाच आणून द्यायचा, आणि माझ्या लोडिंग ऑटोतून मी ती घरोघर पोचवायचो. त्यामुळे जो येतो तो एक किस्सा सांगतो, चहा पितो आणि जातो. किस्सा माझ्यापाशी राहतो. आईबाबा आधीच गेलेले. आता घरात मी आणि हे किस्से. मी आठवी नापास, लिहायची सवय नाही. पण ऐकायला कोणी नसलं की माणूस लिहितो.

*

दादाची एक पद्धत होती. कोणी "भाऊ, कोणता कुत्रा घेऊ?" म्हटलं, की तो दुकानात उत्तर द्यायचा नाही. त्या घरी जायचा आणि तासभर अंगणात बसायचा. चहा दिला तर प्यायचा, बोलायचा काही नाही. निघताना दोनच गोष्टी विचारायचा. दिवसभर घरी कोण राहते, आणि भाकर कोण टाकणार.

एक ठेकेदार नवीन बंगला बांधून बसला होता. त्याला रॉटविलर पाहिजे होता.

"सगळ्यात डेंजर पाह्यजे भाऊ. माणूस फाटकापाशीच गार झाला पाह्यजे."

दादा तासभर पायरीवर बसला. मग विचारलं, "दिवसभर घरी कोण राह्यते?"

"माय राह्यते. काठी घेऊन चालते बिचारी."

"मंग तुमचा डेंजर कुत्रा पह्यले मायलेच पाडीन."

दादानं त्याला एक पामेरियन दिलं. पांढरं, मांजराएवढं. ठेकेदाराचं तोंड उतरलं. दादा म्हणाला, "चोराले धराचं काम पोलिसाचं. कुत्र्याचं काम मायले उठवाचं."

दोन महिन्यांनी ठेकेदार हवा भरायला आला. "भाऊ, कुत्रा चांगला हाय. पण मी थोडा घेऊन आलो का मलेच घरात येऊ देत नाही. पूर्ण गल्ली उठवते."

दादा टायर फिरवत म्हणाला, "माय उठते ना?"

*

पिल्लू दिल्यावर दादाचं काम संपत नव्हतं. महिनाभरानं तो परीक्षा घ्यायला जायचा, ती पण चोरासारखी. दुसऱ्याच्या चपला घालायचा, तोंडाला गमछा बांधायचा, एक पाय ओढत चालायचा. वारा कुत्र्याकडून आपल्याकडे येत असला पाहिजे, म्हणजे आपला वास त्याला जात नाही. हाक न मारता फाटक उघडायचं. कुत्रा भुंकला तर पास. तो त्या घराचा झाला. शेपूट हलवली तर नापास.

झरीच्या रस्त्यावर एका मास्तरांचं घर. त्यांना डॉबरमन दिला होता. महिन्यानं दादा लंगडत लंगडत आत शिरला. डॉबरमननं एक डोळा उघडला, जांभई दिली आणि झोपला. तेवढ्यात मागच्या दारातून मास्तरांची म्हातारी आई आली. हातात मुसळ. काही विचारलं नाही, सरळ खांद्यावर घातलं.

दादा खांदा शेकत बसला होता तेव्हा मी विचारलं, "काय झालं परीक्षेचं?"

"कुत्रा नापास. म्हातारी फस्ट क्लास."

*

आता माझा किस्सा. तो दादा सगळ्यांना सांगायचा, म्हणून मीच सांगून टाकतो.

माझं डोकं आधी चालत नाही, हात आधी चालतात. धाब्यावर एका ट्रकवाल्याजवळ एक पिल्लू होतं. पाठ काळी, पाय बदामी. म्हणाला, "ओरिजिनल जर्मन शेफर्ड आहे, कान अजून उभे व्हायचे आहेत." मी माझा मोबाइल त्याच्या हातात दिला आणि पिल्लू घेऊन घरी आलो. महिनाभरापूर्वी घेतलेला मोबाइल.

दादानं पिल्लाला उलटं पालटं करून पाहिलं. पंजे पाहिले, दात पाहिले. मग खाली ठेवलं. मी रोज सकाळी उठून कान पाहायचो. दोन महिने झाले, चार झाले, कान खालीच. तोवर सगळ्या हायवेला कळलं होतं की हा इथलाच गावठी आहे.

मी म्हटलं, "दादा, होतीन ना उभे?"

"होतीन. जर्मनीत थंडी राह्यते. याले इथं गरम होत असंन."

वहिनी पोळ्या लाटता लाटता एवढी हसली की पोळी जळली.

मी त्याला विकून टाक म्हटलं. दादानं विकलं नाही, दुकानात नेलं. तिथे हा कुत्रा प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ जायचा, खिसा हुंगायचा, मग पुढच्याजवळ. तिकीट पाहिल्यासारखा. म्हणून ट्रकवाल्यांनी नाव ठेवलं कंडक्टर. चार वर्षं तो दादाच्या सावलीत राहिला. दादा खाली बसला त्या सकाळी सगळ्यांत आधी भुंकला तो कंडक्टर. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं असेल. मी चहा संपवून गेलो.

*

एक बँकेतले साहेब होते. बदली झाली म्हणून त्यांनी आपला पाच वर्षांचा लॅब्रॅडोर एका शेतकरी कुटुंबाला दिला. दादानंच जुळवून दिलं. पण साहेब दर रविवारी बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला यायचे. कुत्रा आठवडाभर गावाबाहेर रस्त्यावर बसून राहायचा. ना घर राखे, ना जेवे.

एका रविवारी दादानं साहेबांना दुकानापाशी थांबवलं.

"साहेब, तुम्ही त्याच्यासाठी जाता का तुमच्यासाठी?"

साहेबांनी गाडी बंद केली. मग उतरले, टायरवर बसले आणि सगळा पुडा कंडक्टरला खाऊ घातला. नंतर पाच-सहा रविवार ते आमच्या दुकानापर्यंतच आले.

तेव्हा दादानं मला सांगितलं होतं, "संज्या, पिल्लाची गोष्ट वेगळी. पिल्लू पास झालं का आपण तोंड दाखवून चहा प्याचा. पण मोठा कुत्रा दिला का तोंड दाखवाचं नाही. तो भुंकला का गुपचूप मागं फिराचं. वर्षभर तरी."

मी म्हटलं, "मले नाही जमणार."

"तुले कोण सांगून राह्यलं मोठा कुत्रा देवाले?"

*

दादानंतर वहिनीला कळंबला एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. तिच्या बाबांचं तिथे एक जुनं छोटं घर होतं, वस्तीच्या टोकाला, मागे नुसती शेतं. वहिनी आणि तिची सात वर्षांची पोरगी परी, दोघीच राहणार होत्या. मी म्हटलं, इथंच राहा. वहिनी म्हणाली, "त्या शटरसमोरून रोज जाणं होत नाही भाऊजी."

तिचं बरोबर होतं. कंडक्टर रोज सकाळी त्याच शटरसमोर जाऊन बसायचा. ट्रक थांबला की उठायचा, माणूस उतरला की खिसा हुंगायचा, परत बसायचा. संध्याकाळी मी ऑटो लावला की माझ्या मागे घरी यायचा आणि माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपायचा. पायाला मुंग्या आल्या तरी मी पाय हलवत नव्हतो.

सामान पोचवलं त्या दिवशी वहिनी म्हणाली, "राखणीले एक कुत्रा पाहून द्या भाऊजी. हे असते तर…"

मी कोणाला विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून रॉटविलर उचलून आणला. दोन वर्षांचा, छातीला एवढा रुंद की ऑटो एका बाजूला झुकत होता. कळंबच्या अंगणात बांधला आणि छाती फुगवून म्हटलं, "आता कोणी येत नाही."

खरंच कोणी येत नव्हतं. परीसुद्धा खाटेवरून खाली येत नव्हती. संडास अंगणात, कुत्रा अंगणात. संध्याकाळी वहिनीचा फोन आला, "भाऊजी, तुमचा पहिलवान घेऊन जा. पोरगी दुपारपासून दाबून बसली हाय."

परत नेऊन दिला. मग मी ते केलं जे आधी करायला पाहिजे होतं. दादासारखा अंगणात जाऊन बसलो.

वहिनी दहाला कामावर जाते, चारला येते. परीची शाळा बाराला सुटते. म्हणजे बारा ते चार पोरगी घरात एकटी. मागच्या शेतातून पायवाट सरळ अंगणात येते. राखणारा कुत्रा पोरीच्या ओळखीचा पाहिजे. तिनं शेपूट ओढली तरी चावणार नाही असा पाहिजे. परक्या माणसाजवळ जाऊन आधी तपास करणारा पाहिजे. दहा मिनिटांत मला कळलं होतं कोणता कुत्रा. तरी मी तासभर बसलो. दुसरं काही सुचतं का पाहत होतो.

वहिनीनं विचारलं, "काय ठरलं?"

"उद्या आणतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दादाच्या रिवाजाप्रमाणे घरच्या बाईनं कंडक्टरला हातानं भाकर चारली आणि घरातल्या सगळ्यात लहानाच्या हातात दोरी दिली. परी म्हणाली, "काका, आता तुमच्याजवळ कोण झोपीन?"

मी ऑटो चालू केला. त्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं. कंडक्टरनं दोरी ताणली होती, एवढं आरशात दिसलं.

*

पहिले चार दिवस तो जेवला नाही. वहिनीनं फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, "तुम्ही येऊ नका पण." इकडे मी दोनाच्या जागी चार भाकरी थापत होतो. हात ऐकत नाहीत. पाचव्या दिवशी तो परीच्या ताटातलं जेवला.

महिना झाला. परीक्षा घ्यायची होती, आणि घेणारा मीच उरलो होतो.

ऑटोचा आवाज त्याला पाठ आहे, म्हणून एसटीनं गेलो. टपरीवाल्याचा शर्ट मागून घातला, त्याच्याच चपला. मुद्दाम दुपारी दोनची वेळ धरली, परी एकटी असते ती. शेताच्या बाजूनं गेलो. वारा तोंडावर येत होता. तोंडाला गमछा बांधला आणि दादासारखा एक पाय ओढत चालायला लागलो.

कंडक्टर दाराच्या उंबऱ्यापाशी पडला होता. बरा दिसत होता. गळ्यात परीची लाल रिबन होती.

मी फाटकाची कडी काढली.

तो उठला. मी एक पाऊल आत टाकलं. त्यानं मान तिरपी केली, नाक वर केलं. माझ्या मनात आलं, ओळख रे. आणि लगेच आलं, नको ओळखू.

तो भुंकला. चार वर्षांत माझ्यावर कधी भुंकला नव्हता, तसा भुंकला. दारासमोर आडवा उभा राहिला, पाठीवरचे केस उभे, आणि ते जर्मन कान, देवाशपथ सांगतो, अर्धे वर झाले होते.

घरात भांड्याचा आवाज झाला. खिडकीचं एक दार थोडंसं उघडलं.

"कोण हाय?" परीचा आवाज.

मी बोललो नाही. कंडक्टर थांबला नाही.

मग परीनं आवाज मोठा केला. वहिनीनं शिकवून ठेवलं असणार, पाठ केल्यासारखं एका दमात म्हणाली, "माहे बाबा आत झोपले हायेत. नंतर या."

कंडक्टर भुंकता भुंकता थांबला. वळून घराच्या आत पाहिलं. मग माझ्याकडे तोंड करून पुन्हा भुंकायला लागला.

मी मागे सरकलो, आवाज न करता फाटकाची कडी लावली आणि रस्त्याच्या वळणापर्यंत पाय ओढतच गेलो.