गाळलेला सूर

"हवा कशी आहे, डॉक्टर?" असं मला विचारून तो पियानोच्या झाकणाला गाल लावायचा. उत्तर त्याला माझ्याकडून नको असायचं. "आज हिला घाम आलाय," तो पियानोवर हात फिरवत म्हणाला की मी समजायचो, लॉबीतली हवा आणखी कोरडी करायला हवी.

मी कसला डॉक्टर. नागपूरहून आखातात आलेला, मनामा शहरातल्या एका हॉटेलचे एसी सांभाळणारा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तो डेन्मार्कचा, साठी ओलांडलेला, चहाच्या वेळेला लॉबीत जॅझ वाजवणारा. अशा वादकासमोरून तुम्हीही बॅगा ओढत गेला असालच. आपण कुठे थांबतो?

आपली सारी कारकीर्द त्याने मला एकदा उभ्या उभ्या सांगितली. "आधी लोक मला ऐकायला यायचे. मग नाचायला. मग बोटीवर जेवायला. आता खोलीची किल्ली घ्यायला येतात." सांगून स्वतःच हसला.

त्याच्या उजव्या हाताची अनामिका तळव्याकडे वाकत चालली होती. तिथल्या सलमानिया इस्पितळातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, पण नंतर वाजवता येईल याची खात्री दिली नाही. करार संपत आला होता. ईदनंतर मॅनेजर स्वतः ऐकून ठरवणार होता.

मध्ये रमजान आला. त्या महिन्यात हॉटेलात वाद्य वाजवायचं नाही. बाकीचे वादक सुट्टीवर गेले. हा राहिला. महिनाभर हात थांबला तर बोट कायमचं मिटेल, ही त्याला धास्ती. मग तो रोज दुपारी यायचा आणि बंद झाकणावर वाजवायचा.

"काय वो साहेब, म्हातारा लाकडावर कसला तबला वाजवतोय?" आमचा गुहागरचा ड्रायव्हर म्हणाला.

"बस आणि ऐक."

"ऐकू काय? आवाज कुठाय?"

पण बसला. काचेबाहेर धुळीने पिवळी झालेली दुपार, आत रिकाम्या खुर्च्या. बोटांची टकटक आणि माझ्या एसीची घुमघुम, एवढंच. थोड्या वेळाने त्या घुमघुमीवर चाल तरंगतेय असं वाटू लागायचं. ड्रायव्हरची मान डुलायला लागली, ती झोपेने की सुराने, मी विचारलं नाही. "तुमचं मशीन एकच सूर धरून असतं," म्हातारा म्हणाला, "मी त्याच्या सोबतीने वाजवतो."

ईदनंतर झाकण उघडलं. मॅनेजर समोर बसला. शेवटच्या संथ चालीत, सूर सगळ्यात वर जातो तिथे, ते बोट उठलंच नाही. त्याने ती जागा मोकळी सोडली. तेवढ्यापुरती एसीची घुमघुम ऐकू आली, मग चाल पुढे गेली.

"फार सुंदर," मॅनेजर म्हणाला. करार वाढवायला तो तयार होता.

म्हातारा माझ्याकडे आला. "तुम्हाला कळलं?"

"एक सूर गाळलात."

"त्याला नाही कळलं," तो शांतपणे म्हणाला. "आता मी काहीही गाळलं तरी इथे चालेल. म्हणजे निघायला हवं. खलास, डॉक्टर." जाताना त्याने पियानोला गाल लावला. हवेबद्दल काही बोलला नाही.

त्याच्या जागी मनिलाचा एक तरुण आला. हात सफाईदार. तीच संथ चाल तोही वाजवायचा, पुरी वाजवायचा. लॉबीतून जाताना त्या जागेपाशी माझे पाय थांबायचे, घुमघुम ऐकायला. तिथे नेमका सूर यायचा, आणि म्हातारा नाही हे मला तेव्हा कळायचं.