दाभोळ मला ठाऊक नाही

आमच्या ह्यांना, म्हणजे गंगारामना, कोणी घाबरलेलं अजिबात बघवत नाही. डॉक्टरकडून परतणारा माणूस दिसला की हे त्याला वाटेत गाठून सांगणार, "काही होत नाही तुला." तपासलं कोणी? तर ह्यांनी, रस्त्याच्या पलीकडून. मुंबईत एका कचेरीत हे संगणकावर कामाला होते. ते काम सुटलं तसे सत्त्याऐंशी साली रत्नागिरीला परत आले, ते टीव्हीला जोडायचा एक जुना संगणक घेऊनच. एस्टी स्टँडासमोर गाळा घेतला आणि पाटी लावली, 'संगणकावर पत्रिका व गुणमेलन'. मी म्हटलं, जळलं मेलं ते, भटजी सोडून टीव्हीला पत्रिका दाखवायला कोण येतंय? आले की हो. बाकडं पुरेना.

प्रोग्राम ह्यांनी स्वतः लिहिलेला. टेपवरून तो यंत्रात चढेपर्यंत गिऱ्हाइकाची सगळी वंशावळ माझ्या कानावर पडायची. कुठे काही अडलं की यंत्र इंग्रजीत दोन-तीन शब्द आणि एक आकडा दाखवून थांबायचं. ते बघून लांज्याची एक बाई रडायला लागली. झालं, ह्यांचा जीव कळवळला. एक ओळ लिहून ह्यांनी सगळ्या इंग्रजी सूचना बुजवून टाकल्या. काहीही बिघडो, पडद्यावर आता एकच शब्द यायचा, 'चूक'. तोही इंग्रजी अक्षरांत, कारण दुसरी अक्षरं त्याला येत नव्हती.

"बघ," मला म्हणाले, "साधं, सुटसुटीत, मराठी."

"पण कसली चूक?"

"ते लोकांना कशाला हवं?"

राही माझ्या बहिणीची मुलगी. बहीण बाळंतपणाला आमच्या माहेरी, दाभोळला आली, ती त्यातच गेली. राहीचा बाप मुंबईला, पोर मी वाढवली. लग्नाच्या वयाची झाली तशी कुजबुज सुरू झाली. मुलगी चांगली आहे, पण. त्या 'पण'च्या पुढे कोणी बोलतच नसे. पांढऱ्या पायाची असं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर मी झिंज्या उपटल्या असत्या. पण न बोललेल्या शब्दाशी भांडणार कसं?

अशात संगमेश्वरचा रघुनाथ तिला आवडला. शाळेत मास्तर, सरळ स्वभावाचा. त्यालाही ती आवडली. त्यांच्या घरात शब्द चालायचा तो त्याच्या काशीआत्याचा, आणि आत्याला पत्रिका हवी होती, तीही ह्या नव्या यंत्रावरची. एप्रिलमध्ये एका सकाळी आत्या, रघुनाथ आणि त्याचे मामा गाळ्यात येऊन बसले. ह्यांनी ऐटीत रघुनाथची माहिती घातली. कुंडली झरझर पडद्यावर आली. मग राहीची घातली. तारीख, वेळ, जन्मगाव दाभोळ. यंत्र पीं करून ओरडलं आणि थांबलं. चूक.

ह्यांनी पुन्हा सगळं घातलं. पुन्हा चूक.

मग मामा हळूच म्हणाले, "मंगळ असेल."

"मंगळाची शांत करता येताय," आत्या म्हणाली. "ह्या कायतरी मोठा दिसताय."

मामांना मग एकनाड आठवली. आत्याला कुळाची राखण, म्हणजे राखणदाराचा मान, द्यायची राहिलेली दिसली. पडद्यावर एक शब्द, आणि ज्याच्या मनात जी भीती ती त्याने त्यात भरून घेतली. शेवटी आत्याने पिशवी उचलली. "आमी कळवताव," म्हणाली. ह्या वाक्याचा अर्थ मुलीकडच्यांना समजावून सांगावा लागत नाही.

रघुनाथ म्हणाला, "आत्या, थांब जरा." आत्या थांबली नाही.

राही पडद्याकडेच बघत होती. "काका," ती म्हणाली, "माझं काय चुकलं, तेवढं तरी त्याला सांगायला लावा."

ह्यांचा चेहरा असा पडला की मला दया आली आणि संतापही आला. "सावित्री," हे म्हणाले, "सरबत दे सगळ्यांना. कोणी उठायचं नाही." मी कोकम सरबताचे पेले भरले आणि दारातच उभी राहिले. मी दारात उभी असताना कोण बाहेर जातो बघतेच.

ह्यांनी आपली ती बुजवणारी ओळ काढून टाकली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. जुनी इंग्रजी सूचना परत आली, तिचा अर्थ एवढाच की माहिती संपली, ओळ चारशे दहा. हे डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे, गाव." त्या ओळीत यंत्र जन्मगाव शोधत होतं. ह्यांनी घातलेल्या गावांत रत्नागिरी होती, लांजा होतं, संगमेश्वर होतं, मुंबई होती. दाभोळ नव्हतं. शोधता शोधता गावं संपली आणि बिचारं अडलं. नेमक्या जागेवर बोट ठेवून सांगत होतं, आणि आमच्या शहाण्याने त्याचंच तोंड बांधलं होतं. विसरले काय, तर स्वतःची सासुरवाडी.

"तुमची भाची," आत्या म्हणाली, "तुमी सांगणार तसाच. मना इंग्रजी काय कळताय?"

तेही खोटं नव्हतं. हे पुन्हा बसले आणि यंत्राला काय बोलायचं ते नीट लिहून दिलं. राहीची माहिती घातली. ह्या वेळी त्याच इंग्रजी अक्षरांत पडदा भरून मराठी मजकूर आला, आणि रघुनाथने तो मोठ्याने वाचला. "दाभोळ मला ठाऊक नाही. पत्रिका अजून मांडलेलीच नाही. मुलीत दोष नाही. गंगारामने मला हे गाव शिकवलेलं नाही, त्याला विचारा."

"आत्ता लिवलान नि आत्ता वाचलान," आत्या म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "मग तुमचीच घालू या पत्रिका. जन्म कुठला तुमचा?"

"माखजनचा. घाल, बगूया."

तारीख अंदाजाने घातली. यंत्र थांबलं. ह्या खेपेला राहीने वाचलं. "माखजन मला ठाऊक नाही. पत्रिका अजून मांडलेलीच नाही. मुलीत दोष नाही."

"मुलीत?" आत्या म्हणाली, आणि तिला असं हसू फुटलं की सरबत लुगड्यावर सांडलं. मामा हसले, रघुनाथ हसला, हे तर डोळे पुसत होते. पुढे ह्यांनी प्रत्येक अडचणीची अशी वेगळी सूचना लिहिली, प्रत्येकीत स्वतःला दोन शब्द ऐकवले, आणि गिऱ्हाइकं ते वाचायला मुद्दाम भलत्याच तारखा घालू लागली. पण ते नंतरचं.

हसता हसता आत्या एकदम थांबली. "मगाशी माजी घातली असतीस तर काय आला असता रे?"

"चूक," हे म्हणाले.

"म्हंजे माज्यातपण कायतरी मोठा निघाला असता." आत्याने लुगड्यावरचं सरबत पुसलं. मग पिशवी खाली ठेवून राहीला म्हणाली, "ये गो हितं. तुजा गाव त्येला शिकव."

ह्यांनी नकाशाच्या पुस्तकातून अक्षांश-रेखांशांचे आकडे सांगितले, राहीने एकेक कळ दाबून दाभोळ लिहिलं. कुंडली आली. गुण किती जुळले ते बघायला आत्या थांबलीच नाही. पडद्याकडे पाठ करून मामांना म्हणाली, "मे महिन्यातला दिवस बगा."

मी राहीला जवळ घेतलं. पोर हसत होती आणि डोळे वाहत होते.

"मावशी," ती माझ्या कानात म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्यात खरंच काहीतरी असेल."